पहिलं हुक टूल घरी बनवताना

हुक टूल म्हणजे लेथवर (लाकूड गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर) वाडग्यासारखी वस्तू आतून कोरायचं, टोकाला आकड्यासारखं वाकवलेलं हत्यार. पूर्ण सेटच्या मागे लागू नका, एक हुक नीट जमला की पुढचे आपोआप जमतात. सोलापुरात भंगारवाल्याकडे गाडीची जुनी कॉइल स्प्रिंग मिळते, तीच घ्या. बांधकामाची सळई नको. ती कितीही तापवून विझवा, धार टिकण्याइतकी कडक होत नाही; नवखे बहुतेक इथेच फसतात.

- वाक लालबुंद असतानाच द्या. रंग उतरला की पुन्हा भट्टीत.
- हुक लहान ठेवा, आतून 15 मिमीच्या आसपास. मोठा हुक लाकडात अडकून हिसका देतो.
- चुंबक चिकटेनासं झालं की किंचित आणखी तापवा आणि तेलात बुडवा.

यानंतरची पायरी घाईत सुटते, आणि हत्यार तिच्यावरच टिकतं. तेलातून काढलेला हुक ठिसूळ असतो. तो पॉलिश पेपरने चकचकीत घासा, मग दांड्याकडून हलकेच तापवा. रंग हळूहळू टोकाकडे सरकतो. टोक वाळल्या कडब्यासारखं पिवळं दिसलं की लगेच गार करा. निळं झालं तर पुन्हा पहिल्यापासून तापवून तेलात बुडवावं लागेल.

धारेच्या कोनांचं नंतर बघू. आधी ओल्या कडुलिंबावर, लेथ कमी वेगात ठेवून, टेकू (हत्यार टेकवायची पट्टी) लाकडाच्या अगदी जवळ घेऊन हात बसवा. चष्मा घालाच.