स्विफ्ट घेऊन ड्रॅगला जायचंय, तर रोल केज टाकावा लागतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे की भाऊ जालन्याचे आहेत, २०१६ ची डिझेल स्विफ्ट आहे, रिमॅप केलीय (म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवलीय), मित्रांसोबत पहिल्यांदा हौशी ड्रॅग इव्हेंटला, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या शर्यतीला, उतरायचंय आणि तिथला एक फॅब्रिकेटर रोल केज (पलटी झाली तर छत दबू नये म्हणून आत बसवतात ती लोखंडी पाइपांची चौकट) प्लस चार पॉइंट हार्नेस (चार ठिकाणी बांधलेला रेसचा पट्टा) यांचे ३५ हजार सांगायलाय. टाकू का, आणि अजून काय काय लागतं.

नाही लागत. ३५ हजार खिशात ठेवा, त्यातले पाचेक हजार नीट हेल्मेटवर घाला, उरलेल्यात टायर येतील.

मी मूळचा परभणीचा, आता संभाजीनगरला वाळूजकडं छोटं गॅरेज आहे. स्वतः तीन वेळा गाडी घेऊन रनला गेलो आणि चार-पाच वेळा दुसऱ्यांच्या गाड्यांमागं पाना धरून गेलो, त्यामुळं हे सगळं पुस्तकातलं नाही, निम्मं तरी खाली बसून शिकलेलं आहे. बनी तो बनी नाहीतर परभणी, असाच पहिल्यांदा गेलो होतो, काही न वाचता.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ड्रॅगमधे सेफ्टीचा नियम गाडी किती भारी दिसते यावर नसतोच, तुमच्या सेकंदावर असतो. आपल्याकडं शंकरपटात जोडी कशी घड्याळावर ठरते, कोण किती उधळला त्याला किंमत नाही, तसंच. क्वार्टर माइल म्हणजे ४०२ मीटर, तेवढं अंतर गाडी किती सेकंदात कापते त्यावरून पायऱ्या पडतात, गाडी जितकी फास्ट तितकं सामान वाढतं. जगभर बहुतेक लोक ज्यांचं नियमपुस्तक समोर ठेवतात ती अमेरिकेतली एनएचआरए, १९५१ पासूनची ड्रॅग रेसिंगची संस्था, त्यांच्याकडं साधारण असं आहे : १३.९९ सेकंद किंवा त्याहून फास्ट असाल तर हेल्मेट कंपल्सरी, ११.४९ ला रोल बार (पूर्ण चौकट नाही, नुसती सीटमागची पाइपाची कमान), आणि १०.९९ किंवा त्याहून फास्ट असाल किंवा ताशी १३५ मैल म्हणजे २१७ किमीच्या वर गेलात की पूर्ण केजचा विषय. उघड्या छताच्या गाडीला बार आधीच लागतो, १३.४९ पासून. आणि २००८ पासूनच्या गाड्या, ज्यांच्या एअरबॅग आणि एबीएस कंपनीतून आले तसे चालू आहेत, त्यांना तर १० सेकंदांपर्यंत बार-केजशिवाय सूट दिलीय त्यांनी.

आता तुमची स्विफ्ट. रागावू नका, पण रिमॅप करून सुद्धा ती १७-१८ सेकंदाची गाडी आहे. म्हणजे केजच्या पायरीपासून तुम्ही सहा-सात सेकंद लांब आहात आणि ड्रॅगमधे सहा सेकंद म्हणजे जालना ते मुंबई. त्या हिशोबानं अमेरिकेत तुम्हाला हेल्मेट पण लागलं नसतं, पण आपल्याकडं मी जिथं जिथं गेलो तिथं सेकंद न विचारता सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट लागतंच, आणि बरोबरच आहे.

आपल्याकडं इव्हेंट एफएमएससीआयच्या, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेच्या, परवानगीचा आहे का ते आधी बघा. असला तर त्यांची सप्लिमेंटरी रेग्युलेशन नावाची पीडीएफ येते, कोणतं हेल्मेट, कोणते कपडे, कोणता क्लास, लायसन कोणतं, सगळं त्यात लिहिलेलं असतं. लोक ती उघडतच नाहीत, ग्रुपवर "कोणी सांगा रे काय लागतं" विचारत बसतात. शेवटचा शब्द त्या पीडीएफचा, माझा नाही.

आता खरं काय होतं ते सांगतो. हौशी गाड्या स्क्रूटिनीत, म्हणजे रनच्या आधीच्या तपासणीत, परत जातात त्या केज नाही म्हणून नाही, दोनशे-पाचशेच्या वस्तूंनी जातात. माझंच ऐका. पहिल्या इव्हेंटला रात्रभर ड्रायव्हिंग करून गेलो, सकाळी लाइनीत लागलो, एक वयस्कर गृहस्थ आले, बॉनेट उघडायला लावलं. मला वाटलं आता टर्बो बघतील, पाइपिंग बघतील, मी सांगायच्या तयारीतच होतो. त्यांनी टर्बोकडं बघितलं पण नाही. सरळ बॅटरीवर हात ठेवला आणि हलवली. बॅटरी डुगडुगली. खाली वाकून बघितलं तर क्लॅम्पच्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी, दोन गाठी मारलेली. कधीतरी बॅटरी बदलली तेव्हा क्लॅम्पचा बोल्ट हरवला असणार आणि मी, गॅरेजवाला माणूस, तसाच दोन वर्षं फिरत होतो. ते काहीच बोलले नाहीत, फक्त फॉर्मवर एक रेघ मारली आणि म्हणाले बाजूला लावा. त्या दिवशी एका एम सहाच्या लांब बोल्टसाठी मी अख्खं पॅडॉक, म्हणजे गाड्या उभ्या करायची जागा, पालथं घातलं, शेवटी पुण्याच्या एका पोरानं दिला. बॅटरी सुटली की पॉझिटिव्ह टर्मिनल बॉनेटला किंवा बॉडीला टेकतं, ठिणगी पडते, आणि शेजारीच फ्युएल लाइन असते, एवढं साधं कारण आहे त्यामागं. आणि कोणी तुम्हाला वजन मागं जावं म्हणून बॅटरी डिकीत घ्या सांगितलं तर घेऊ नका, डिकीत घेतली की नियम लगेच वाढतात, बोल्टनं आवळलेली पक्की फिटिंग पाहिजे आणि गाडीच्या मागच्या बाजूला बाहेरून बंद करता येईल असा कट-ऑफ स्विच पाहिजे, म्हणजे आतला माणूस बेशुद्ध असला तरी बाहेरचा कोणी करंट तोडू शकतो.

दुसरं, चाकं. स्पेसर, म्हणजे चाक बाहेर यावं म्हणून मधे घालतात त्या चकत्या, टाकलेत का तुम्ही? फोटोत चाकं थोडी बाहेर दिसायलीत म्हणून विचारतोय. नियम असा की स्टड जेवढ्या जाडीचा तेवढे आटे तरी नटात गेले पाहिजेत, १२ एमएमचा स्टड तर १२ एमएम. घरी बघायची पद्धत सोपी आहे, नट हातानं फिरवत आत घाला आणि फेरे मोजा, स्विफ्टला साधारण दहा फेरे बसले पाहिजेत. स्पेसर घालून तोच जुना स्टड ठेवला की चार-पाच फेऱ्यातच नट टेकतो, वरून एकदम टाइट वाटतो, आणि लाँचला क्लच सोडल्यावर सगळा जोर त्या चार आट्यांवर येतो. स्पेसर असतील तर काढून टाका, सरळ. व्हील कप पण काढा, उडतात.

टायरवर चार आकडे असतात लंबगोल चौकटीत, २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३ वा आठवडा. आपल्या मराठवाड्यातलं ऊन, गाडी मे महिन्यात ४२-४३ मधे उघड्यावर उभी, त्यामुळं खाच भरपूर असते पण साइडवॉलला बारीक चिरा पडलेल्या असतात, नखानं दाबलं की उघडतात. असला टायर नको. रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेला, तर स्वप्नात पण नको. स्पीड रेटिंग पण बघा, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०, तुम्हाला टी पुरे झाला.

गळती. ऑइलचा एक थेंब जरी खाली टपकला तरी परत पाठवतात कारण तुमच्या मागून येणारा त्याच लेनमधून जाणार आहे, तुमची गळती त्याच्या चाकाखाली जाते. कूलंटचं पण तेच, त्यातलं ग्लायकॉल रोडवर सांडलं की शेवाळासारखं घसरतं, म्हणून काही ठिकाणी रेडिएटरमधे नुसतं पाणी ठेवायला लावतात, आणि ओव्हरफ्लोला अर्ध्या लिटरच्या आसपासची बाटली पाहिजे म्हणतात. तुमच्या गाडीची कंपनीची बाटली आहे ती चालते, फक्त झाकण धड पाहिजे. आणि नुसतं पाणी घालायची वेळ आलीच तर कृपा करून बोअरचं घालू नका, आपल्या बोअरच्या पाण्यानं कपाला खार चढतो, रेडिएटरचं काय होईल. डिस्टिल्ड घाला आणि घरी आल्यावर परत कूलंट भरा. रिमॅप केलीय म्हणजे टर्बोच्या रबरी पाइपांचे क्लॅम्प पण एकदा आवळून घ्या, बूस्ट वाढला की जुना पाइप निघतो.

प्रॉपेलर शाफ्टचा लूप लागतो का असं कोणीतरी खाली विचारलंय. स्विफ्टला लांब शाफ्टच नाही, पुढच्या चाकावर गाडी आहे, विषय संपला. बोलेरो, स्कॉर्पिओवाल्यांनी मात्र विचार करावा, पुढचा क्रॉस तुटून शाफ्टचं टोक जमिनीत रुतलं तर गाडी बांबूवर उडी मारल्यासारखी मागून उचलली जाते, तो लोखंडी पट्टा शाफ्ट खाली पडू नये म्हणूनच असतो.

आता केजवर परत येतो, कारण ३५ हजारापेक्षा मोठा मुद्दा आहे. तुमचा फॅब्रिकेटर कोणता पाइप वापरणार विचारलंत का? मी पैज लावतो, पाण्याचा जीआय पाइप किंवा गेट-ग्रिलचा. नियमात रोल बारला पावणेदोन इंच बाहेरचा व्यास आणि .११८ इंच म्हणजे तीन एमएम जाडीचा माइल्ड स्टील पाइप सांगितलाय, खाली फ्लोअरला सहा इंच चौरस प्लेट सांगितल्यात, नाहीतर पलटी झाल्यावर पाइप पत्रा फाडून खाली निघून जातो. ग्रिलचा शिवणवाला पाइप वाकवतानाच शिवणीवर उकलतो कधी कधी, वरून पेंट मारला की दिसत नाही. आणि समजा एकदम नियमात बसणारा केज बनवला, तरी तीच गाडी घेऊन तुम्ही सोमवारी बाजारात जाणार ना, बिना हेल्मेटचं? डोक्यापासून चार बोटांवर लोखंडी पाइप. साध्या धडकेत जिथं डोकं मोकळ्या हवेत हललं असतं तिथं आता पाइपावर आपटणार. केज हा हेल्मेट घातलेल्या माणसासाठी असतो. रोजच्या गाडीत तो सेफ्टी नाही, उलटाच प्रकार आहे. शिवाय बॉडीत असले बदल करून रोडवर फिरवलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, आरटीओला सांगत बसा.

चार पॉइंट हार्नेसचं तर त्याहून वाईट. कंपनीच्या सीटवर चार पॉइंट लावला की मधला, मांड्यांमधून येणारा पट्टा नसतो, धडक झाली की माणूस खालच्या पट्ट्याखालून पुढं सरकतो आणि पट्टा पोटावर येतो. खांद्याचे पट्टे लोक मागच्या सीटच्या बेल्टच्या बोल्टला खाली नेऊन बांधतात, ते साधारण आडवे मागं जायला पाहिजेत, खाली ओढले तर धडकेत पाठीचा कणा दाबला जातो. आणि गाडी पलटली, छत खाली आलं, तर साध्या बेल्टमधे माणूस निदान बाजूला कलंडतो, हार्नेसमधे ताठ बसलेला राहतो. छत आणि सीट यांच्या मधे. कळलं का का म्हणतोय नको म्हणून? तुमचा कंपनीचा तीन पॉइंटचा बेल्ट, लॉक होतो का झटका देऊन बघा, चिरलेला नाही ना बघा, बस.

हेल्मेट. रस्त्याच्या कडेला टांगलेलं तीनशे-चारशेचं, स्टिकरवालं, ते नको. टू-व्हीलरचं फुल फेस आयएसआयवालं चालतं का हे त्या पीडीएफमधे बघा, बऱ्याच ठिकाणी स्नेल, ईसीई, एफआयए असली बाहेरच्या दर्जाची खूण मागतात. स्नेलमधे पण दोन प्रकार, एम म्हणजे मोटरसायकलचं आणि एसए म्हणजे गाडीतल्या रेससाठी, एसएमधे आगीची आणि रोल बारवर आपटण्याची वेगळी टेस्ट असते. तुमच्या सेकंदाला एसए लागणार नाही बहुतेक, पण पुढं गाडी बदलायचा विचार असला तर एकदाच ते घ्या. कपडे म्हणजे फुल पँट, सुती फुल शर्ट, बंद बूट. नायलॉनचं ट्रॅकसूट नको, आगीत अंगाला चिकटतं. चप्पल घालून एक जण आला होता, त्यानं शेजारच्याचे बूट दोन नंबर मोठे घालून रन मारला, क्लचवर पाय नीट बसेना, ते हसण्यासारखं वाटतं पण नव्हतं.

तुमच्या प्रश्नात खाली एक ओळ आहे, "तोपर्यंत समृद्धीवर प्रॅक्टिस करू". हे मी बघितलं नाही असं करून पुढं जाणार होतो, पण नाही जमत. तिथं लिमिट १२० आहे ते एक, सार्वजनिक रोडवर रेस लावली तर कलम १८९ नं तीन महिने कैद किंवा पाच हजार दंड किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा सापडलात तर एक वर्षापर्यंत, ते दुसरं. पण १४० ला फिनिश केलं तर थांबायला शंभरेक मीटर लागतात, ते पण ब्रेक लगेच आणि रोड कोरडा असला तर, आणि ड्रॅग स्ट्रिपवर त्या शंभर मीटरमधे कोणी नसतं याची खात्री दुसरं कोणीतरी वॉकीटॉकीवर घेत असतं. समृद्धीवर पुढं टायर बदलत थांबलेला ट्रक असतो. आणि इन्शुरन्सची कॉपी काढून वाचा, रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग कव्हर नाही असं तिच्यात लिहिलेलंच असतं, म्हणजे इव्हेंटला सुद्धा गाडीचं जे होईल ते तुमचं. मी म्हणून येताना-जाताना गाडी हळू चालवतो, तिकडंच सगळे पैसे संपलेले असतात.

निघायच्या आदल्या रात्री गाडी रिकामी करा. स्टेपनी, जॅक, पाना, डिकीतला स्पीकरचा डबा, मॅट, दाराच्या खणातली पाण्याची बाटली, सगळं. ती बाटली घरंगळत ब्रेकखाली गेली की काय होतं विचार करा. माझ्या दुसऱ्या रनला सगळं काढलं होतं, फक्त डॅशबोर्डवरचा गणपती राहिला, दोन्ही बाजूंनी टेप असलेला, मला तो सुटा वाटतच नव्हता. स्टार्टच्या अलीकडं एक मार्शल खिडकीत वाकला, म्हणाला सर हे पण. मी म्हटलं चिकटवलेला आहे. त्यानं नुसतं बोट लावलं, मूर्ती हातात आली, उन्हानं टेप कधीच वितळला होता. त्यानं ती दोन्ही हातांनी माझ्या पोऱ्याकडं दिली आणि मी रन मारून परत येईपर्यंत पोऱ्या भर उन्हात तिथंच उभा, एका हातात गणपती आणि दुसऱ्या हाताची त्याच्यावर सावली धरून.