बाबांवर एक पान लिहायचंय, आणि आई म्हणते काही लिहू नकोस

पत्र :

ताई, मी विक्रोळीला राहते. आमचं गाव खटाव तालुक्यातलं. बाबा १९६८ साली सैन्यात भरती झाले. पंधरा वर्षं आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते, नाईक या हुद्द्यावरून १९८३ साली पेन्शनवर आले, आणि मग शेवटपर्यंत शेती केली. आईबाबांचं लग्न १९७० चं. गेल्या वर्षी बाबा गेले. वर्षश्राद्ध गावीच होईल, पण त्याआधी आमच्या गावच्या मुंबईतल्या मंडळाने कन्नमवार नगरात स्मृतिसभा ठेवली आहे. बाबांवर एक पान मी लिहायचं आणि तिथे वाचायचं असं ठरलंय. दादाला बॅनरवर ‘एकाहत्तरच्या युद्धातील रणझुंजार वीर’ असं हवंय आणि माझ्या पानातही तेच हवंय. बाबा लढाईबद्दल आमच्याशी कधीच बोलले नाहीत. मला आठवतात ते रात्री पाणी धरायला जाणारे, जूनमध्ये आमच्या वह्यांना खाकी कव्हरं घालणारे बाबा. आई म्हणते, “काही लिहू नकोस, त्यांना आवडलं नसतं.” दादा चिडलाय. सभा झाली की गावी जाऊन तलाठ्याकडच्या सह्याही उरकून टाकू, असं म्हणतोय. मी कागद घेऊन बसते आणि रडूच येतं. काय लिहू?

उत्तर :

अगं, आधी बॅनरचं बघू, कारण तो आधी छापून येईल.

दादाचा हेतू वाईट नाही. बापाचं नाव चार लोकांत मोठं व्हावं असं कुठल्या मुलाला वाटत नाही? पण सभेला गावाकडचे माजी सैनिक येणार, तुमच्या भागात ते घरटी सापडतात. ‘रणझुंजार’ वाचल्यावर त्यांचा पहिला प्रश्न असेल, कुठली पलटण, कुठला सेक्टर? दादाकडे उत्तर नसेल, आणि ज्या माणसाने आयुष्यात एक फुशारकी मारली नाही त्याच्या नावावर एक फुशारकी जमा होईल. ३ ते १६ डिसेंबर १९७१ हे दिवस पुढे लढणाऱ्यांचे होते, तसेच त्यांना रेशन, डिझेल, दारूगोळा पोचवणाऱ्यांचेही होते. सर्व्हिस कोअरचा ड्रायव्हर असण्यात लपवण्यासारखं काय आहे?

घरात त्यांचं डिस्चार्ज बुक असेल, ट्रंकेत किंवा देवघराच्या कपाटात. ते काढ. भरती कधी, कुठल्या युनिटला, कुठली पदकं, चारित्र्याचा शेरा काय, सगळं त्यात असतं. पदकांत ‘पूर्वी स्टार’ नावाचं पदक असेल तर ते एकाहत्तरला पूर्वेच्या आघाडीवर होते, ‘पश्चिमी स्टार’ असेल तर पश्चिमेच्या. दोन्ही नसतील तर तेव्हा ते आणखी कुठे नेमणुकीवर असतील, आणि तीही नोकरीच होती. पुस्तक सापडलं नाही तर साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. बॅनरवर नंबर, हुद्दा, कोअर आणि १९६८ ते १९८३ एवढं घाला, शेजारी ‘शेतकरी’ लिहा. दादाला सांग, हे वाचून जुना फौजी उभा राहील. रणझुंजार वाचून तो शेजारच्याकडे बघेल.

लढाईबद्दल ते का बोलले नाहीत, हे शोधत बसू नकोस. सांगण्यासारखं काही नसेल, किंवा फार असेल. तो त्यांचा हक्क होता.

आता आईकडे येते, कारण माझं मन तिथेच अडकलंय. तुझ्या सगळ्या पत्रात आई एकदाच बोलते, तीही नकार द्यायला. जरा हिशेब मांड. लग्न १९७० चं आणि बाबा पेन्शनवर आले १९८३ साली. वर्षाकाठी दोनेक महिन्यांची रजा धरली तरी त्या तेरा वर्षांत ते घरी किती होते? मग खटावातली ती जमीन कोणी कसली? बी कोणी राखलं, बैल कोणी सांभाळले, सासूसासऱ्यांचं दुखणंखुपणं कोणी काढलं? आणि त्यातच १९७२ पडलं. माण-खटावच्या बायका तेव्हा दुष्काळी कामांवर खडी फोडत होत्या, पाझर तलावाची माती वाहत होत्या, पोरांना सरकारकडून मिळणारी सुकडी आणि घरात मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी खाऊ घालत होत्या. तुझी आई त्यांत होती की नाही, तुला माहीत आहे का? तू शेतकरी बाबांच्या आठवणी सांगतेस, त्या १९८३ नंतरच्या आहेत. त्याआधीचा शेतकरी तुमच्या घरात आजही आहे, आणि तिला कोणी दोन शब्द विचारलेले दिसत नाहीत.

“त्यांना आवडलं नसतं” याचा अर्थ मी असा लावते, की स्टेजवर कोणीतरी परकाच माणूस उभा राहणार याची तिला धास्ती आहे. माझा अंदाज चुकलाही असेल, तूच बघ. पण “आई, काय लिहू?” असं विचारू नकोस. “काही नको” हेच उत्तर येणार. शेंगा सोलताना, भाजी निवडताना बारीक बारीक विचार. बहात्तरला घरात खाणारी तोंडं किती होती? मनीऑर्डर दर महिन्याला यायची का, आणि हातात कोणाच्या पडायची, तुझ्या की आज्जीच्या? बाबांचं पत्र आलं की वाचून कोण दाखवायचं? हा शेवटचा प्रश्न नक्की विचार. बायकोला लिहिलेलं पत्र गावातला दुसराच कोणी मोठ्याने वाचणार हे ठाऊक असलेला नवरा त्यात काय लिहील? ‘पाऊस झाला का, म्हैस व्याली का’ एवढंच. कुटुंबावरची माया त्या काळी पुष्कळदा अशी म्हशीच्या चौकशीतूनच पोचायची. जुनं एखादं आंतरदेशीय पत्र सापडलं तर त्यातल्या दोन ओळी जशाच्या तशा वाच, आईला विचारून.

आणखी एक विचार. ते कायमचे घरी आले ते पहिलं वर्ष कसं गेलं? ऐन विशीत घराबाहेर पडलेला माणूस पस्तिशीच्या आसपास परततो. घर बायकोच्या ताब्यात, गडीमाणसं तिचं ऐकतात, बांध तिला पाठ. काही घरांत तिथे भांडणं पेटतात. तुमच्या घरात काय झालं ते ऐकण्यासारखं असेल. एखादा माणूस घरच्यांना किती धरून होता, ते मला अशा वर्षात जास्त दिसतं, फोटोत दिसत नाही.

पानाचं म्हणशील तर ‘प्रेमळ, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल’ हे शब्द मंडळाच्या प्रत्येक सभेत येतात, तू त्यांना सुट्टी दे. रात्रीची लाइट असली की बाबा किती वाजता निघायचे, हातात काय असायचं, परत आल्यावर आधी काय करायचे, ते लिही. कव्हराच्या घड्या ते कशा मोडायचे ते लिही. रागीट असतील तर तेही एका ओळीत येऊ दे, ऐकणाऱ्यांना माणूस ओळखीचा वाटेल. पान भरलं की थांब. वाचताना रडू आलं तर कागद भाच्या-पुतण्यापैकी कोणाच्या हातात दे, त्यात कमीपणा नाही.

राहता राहिल्या सह्या. तू ते एका ओळीत उरकलंस, मी उरकणार नाही. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारस नोंद करायची असते, तिची खबर तीन महिन्यांत तलाठ्याला द्यायची असते. तुमचं वर्ष होत आलंय, तेव्हा ते काम उशिरा का होईना करायलाच हवं. त्यात आई, तू आणि दादा, सगळ्यांची नावं लागतात. हक्कसोडपत्र, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा कागद, हा मात्र निराळा आहे. तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो आणि तो करायचा की नाही हे ज्याचा हक्क त्याने ठरवायचं. दादाच्या मनात कुठल्या सह्या आहेत हे त्याला सभेआधीच सरळ विचार, रागावून नको. तुझा वाटा घ्यायचा की सोडायचा ते तू तुझं ठरव, वर्षश्राद्धाच्या गडबडीत ठरवू नकोस. आईचं नाव मात्र त्या उताऱ्यावर लागल्याशिवाय गावाहून निघू नकोस. तिची फॅमिली पेन्शन सुरू झाली आहे का, तेही बँकेत जाऊन पासबुकात बघून ये.