डेल्फ्टला यायच्या आधी तपकीर गल्लीत जाऊन ये

तू मला विचारलंयस, ‘ताई, ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम इंजिनिअरिंग) झालंय, पुण्यात दोन वर्षं एम्बेडेडमध्ये, म्हणजे उपकरणांच्या आतल्या चिपसाठी प्रोग्रॅम लिहिण्यात काढलीत, आता हार्डवेअर सिक्युरिटीत, म्हणजे चिप आणि बोर्डांची सुरक्षा तपासण्यात शिरायचंय, तर एथिकल हॅकिंगचं सर्टिफिकेट करून डायरेक्ट नेदरलँड्सला अप्लाय करू की मास्टर्सला येऊ?’ मी सहा वर्षं नेदरलँड्समधल्या डेल्फ्टमध्ये हेच काम करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सर्टिफिकेटचे पैसे वाचव. त्यात बहुतेक सगळं नेटवर्क आणि वेबसाइटचं असतं, आणि आमच्याकडे इंटरव्ह्यूला समोर बोर्ड ठेवतात आणि विचारतात, कुठून सुरुवात करशील. तिथं सर्टिफिकेट कामाला येत नाही, हात बसलेला असावा लागतो.

तो हात पुण्यातच बसव. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जा, भंगारातले चार-पाच जुने राउटर घे आणि उघड. एका ओळीत तीन-चार भोकं दिसली की बहुतेक वेळा तो यूआर्ट, म्हणजे बोर्डाशी थेट बोलायचा सिरियल पोर्ट असतो. बोर्ड बंद असताना मल्टीमीटरची बीप लावून ग्राउंड शोध, मग चालू करून बघ, ज्या पिनवर ३.३ व्होल्ट हलत नाहीत तो सप्लाय, आणि बूट होताना जिथला आकडा थरथरतो तो टीएक्स, म्हणजे डेटा बाहेर पाठवणारी पिन. लॅपटॉपला जोडायला यूएसबी-टीटीएल अडॅप्टर लाव, बॉड रेट (डेटाचा वेग) ११५२०० ठेव, आणि स्क्रीनवर बूट लॉग, म्हणजे राउटर सुरू होतानाच्या नोंदी, धावायला लागला की तो क्षण तू विसरणार नाहीस, कधीकधी तर लॉगिन न मागता थेट रूट शेल, म्हणजे राउटरचा पूर्ण ताबा मिळतो. फक्त जोडायच्या आधी अडॅप्टरचा जंपर ३.३ वर आहे ना ते बघ, माझा ५ वर राहिला होता आणि चांगला चालता बोर्ड गेला, तेव्हापासून आधी मीटर मग वायर.

मग आठ पायांची फ्लॅश चिप, जिच्यात राउटरचं सॉफ्टवेअर म्हणजे फर्मवेअर असतं, क्लिप लावून दोनदा वाच, दोन्ही फाइलींचा हॅश (फाइलचा ठसा) जुळला तरच पुढं जा, बिनवॉक नावाच्या टूलनं फर्मवेअर सुटं कर, आणि प्रोग्रॅम आतून कसा चालतो ते घिड्रात बघ. घिड्रा फुकट आहे, अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेनं २०१९ मध्ये खुलं केलंय.

इथल्या लॅबमधलं काम याच्या पुढचं, आणि संथ. स्मार्टकार्ड किंवा सिक्युअर बूटची चिप येते, तिच्या सप्लायला काही नॅनोसेकंदांचा झटका द्यायचा, म्हणजे पासवर्ड तपासायची ती एकच इन्स्ट्रक्शन चिपकडून सुटावी. झटका कधी द्यायचा आणि किती लांबीचा, हे दोन आकडे शोधण्यात अख्खा आठवडा जातो, मशीन रात्रभर चालू असतं आणि सकाळी लाखभर प्रयत्नांत दोन हिरवे ठिपके, म्हणजे लागू पडलेले झटके दिसतात. दुसरा प्रकार म्हणजे चिप किती करंट खाते ते मोजून तिची गुप्त किल्ली (की) काढायची, पॉल कोचर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडलेली डिफरन्शियल पॉवर अॅनालिसिस. ऑसिलोस्कोपवर एईएस-१२८ या एन्क्रिप्शनचे दहा राउंड दहा टेकड्यांसारखे ओळीनं दिसतात, मला अजूनही बघत बसावंसं वाटतं.

आणि रिपोर्ट. माझा निम्मा वेळ लिहिण्यात जातो, कारण दुसऱ्या माणसानं तेच सेटिंग लावून तोच निकाल काढला तरच तो हल्ला खरा मानतात.

हा देश या कामाला का चांगला, त्यामागं एक केस आहे. २००८ मध्ये नायमेगेनच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या लोकांनी मायफेअर क्लासिक या स्पर्शाविना चालणाऱ्या कार्डाचं क्रिप्टो-१ हे एन्क्रिप्शन फोडलं, त्याची किल्ली फक्त ४८ बिटची, आणि तीच चिप इथल्या बस-ट्रेनच्या कार्डात होती. चिप बनवणारी एनएक्सपी कंपनी त्यांचा पेपर थांबवायला कोर्टात गेली आणि जुलैत आर्नहेमच्या कोर्टानं संशोधकांच्या बाजूनं निकाल दिला. २०१३ पासून त्रुटी कशी कळवायची याची सरकारी मार्गदर्शक सूचनाच आहे. आपल्याकडे मात्र आयटी अॅक्टची कलमं ४३ आणि ६६ डोक्यात ठेव, मालकाच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही, स्वतःच्या पैशानं घेतलेला राउटर ठीक, सोसायटीच्या गेटचं कार्ड किंवा मेट्रोचं कार्ड नाही म्हणजे नाही, प्रयोग म्हणूनसुद्धा नाही.

आता मास्टर्स की नोकरी. माझं मत, परवडत असेल तर मास्टर्स. फी वर्षाला वीस हजार युरोंच्या वर जाते, ती छोटी गोष्ट नाही, घरच्यांशी कर्जाचं नीट बोल. पण डिग्रीनंतर झूकयार म्हणजे एक वर्ष नोकरी शोधायचा परवाना मिळतो, आणि तो असला की पुढं स्किल्ड मायग्रंट व्हिसाला पगाराची अट खूप खाली येते, २०२५ मध्ये ती महिना २,९८९ युरो होती, नाहीतर तिशीच्या आतल्याला ४,१७१. छोट्या लॅबला हा फरक फार मोठा असतो. ऑफर आलीच तर कंपनी आयएनडीच्या, म्हणजे इथल्या इमिग्रेशन खात्याच्या मान्यताप्राप्त स्पॉन्सरच्या यादीत आहे का ते आधी बघ, ती यादी सगळ्यांना बघता येते, एजंटला एक रुपया देऊ नकोस. आणि घर! अॅडमिशन लेटर हातात आलं त्याच दिवसापासून शोध, डेल्फ्टमध्ये खोली मिळवणं अॅडमिशनपेक्षा अवघड जातं.

नोकऱ्यांचं म्हणशील तर युरोपचा सायबर रेझिलियन्स अॅक्ट, म्हणजे वस्तूंच्या सायबर सुरक्षेचा कायदा, डिसेंबर २०२७ पासून पूर्ण लागू होतोय, नेटला जोडलेली जवळपास प्रत्येक वस्तू त्यात येते, बेबी मॉनिटरपासून राउटरपर्यंत, त्यामुळे हे काम येणारी माणसं लागणारच आहेत.

पहिला राउटर उघडलास की बोर्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि बूट लॉग पाठव, पण लॉगमधला वायफायचा पासवर्ड आधी खोड.