आज पाणी किती फुटावर?

पत्र: ताई, मी सांगलीचीच, विश्रामबागला राहते, वय २३. बीकॉम झालं आणि दोन वर्षं अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षा देतेय, एकदा पूर्व निघाली पण मुख्यला राहिलं. बाबा मार्केट यार्डात हळदीच्या अडत्याकडे दिवाणजी आहेत, घरात कुणी टोचून बोलत नाही पण पाहुणे आले की मी आतल्या खोलीत जाऊन बसते. इन्स्टावर मात्र एकदम झकास, कॉफी, वह्या, हसरे फोटो. लोक लिहितात तुझ्यासारखं पॉझिटिव्ह राहता आलं पाहिजे, आणि ते वाचून मला रडू येतं. त्यात एक मैत्रीण आहे परभणीकडची, टेलिग्रामच्या अभ्यास ग्रुपवर ओळख झाली, प्रत्यक्ष भेट कधीच नाही. ती रात्री दीड-दोनला काळ्या स्क्रीनवर 'आता बास' अशी स्टोरी टाकते आणि दहा मिनिटांत डिलीट करते. काय लिहावं कळत नाही म्हणून मी नुसतं हार्ट पाठवते, मग झोप लागत नाही, परत परत फोन बघत बसते. माझंच धड नाही तर मी तिला काय सांगू?

उत्तर: अगं, तुझं पत्र काल संध्याकाळी वाचलं आणि रात्री भाकरी थापताना पण तेच डोक्यात होतं. आधी मैत्रिणीचं बोलू, कारण ते उद्यावर टाकण्यासारखं नाही.

हार्ट पाठवलंस त्यात चूक काही नाही, पण हार्टला कुणी उत्तर देत नाही. प्रश्न विचारला की उत्तर द्यावं लागतं. आपल्याकडं फोन केला की पहिलं काय विचारतात, जेवलीस का. तेच विचार. दिवसाउजेडी, पर्सनल मेसेज कर, तिचं नाव घेऊन लिही, की काल रात्रीची तुझी स्टोरी बघितली, तू डिलीट केलीस तरी माझ्या डोक्यातनं जाईना, काल जेवलीस का, घरी कोण आहे तुझ्याजवळ. एवढंच. 'काळजी घे, सगळं ठीक होईल' हे लिहू नकोस, त्यावर समोरचा माणूस 'हो' म्हणतो आणि गप्प बसतो.

आणि ती बोलायला लागली की फोन लाव आणि सरळ विचार, जीव द्यायचा विचार येतो का मनात? हे विचारायला जीभ रेटत नाही, मला माहितीय. आपल्याला वाटतं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घातल्यासारखं होईल. तसं होत नाही, मानसिक आरोग्यात काम करणारे सगळेच हे सांगतात, उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. हो म्हणाली तर 'आईवडिलांचा विचार कर' म्हणून गप्प करू नकोस, ऐकून घे. कसं करायचं ते ठरवलंय का, तसलं काही हाताशी आहे का, हे पण विचार. आणि तिला स्पष्ट सांग की ही गोष्ट मी एकटी पोटात ठेवणार नाही, तुझ्या घरातलं विश्वासाचं कुणीतरी आपण दोघी मिळून शोधू. कुणाला सांगणार नाही अशी शपथ घालायला लागली तरी घेऊ नकोस.

टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, सरकारी आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तिनं केला तर उत्तमच, पण तू स्वतः पण कर आणि माझ्या मैत्रिणीचं असं असं आहे, मी काय करू हे विचार. आत्ता या क्षणी जिवाला धोका वाटला तर ११२, तातडीच्या मदतीचा नंबर. पण तेव्हा तिचा पत्ता सांगावा लागेल, आणि तुझ्याकडं असेल फक्त इन्स्टाचं नाव! म्हणून आजच तिचा पूर्ण पत्ता आणि घरातल्या एकाचा नंबर मागून घे, तुझा तिला दे. तशी स्टोरी परत दिसली तर ती इन्स्टाला रिपोर्ट पण करता येते, कुणी केलं ते तिला कळत नाही आणि मदत कुठं मिळेल ते तिच्या स्क्रीनवर येतं.

आता तुझं. माझंच धड नाही तर मी काय सांगणार, असं लिहिलंयस. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर आठव, तू शाळेत असशील. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, ४० ला इशारा आणि ४५ ला धोका असं आपण लहानपणापासनं ऐकतो. माझ्या माहेरच्या गल्लीत पाणी शिरलेलं, आणि ज्यांच्या स्वतःच्या घरात पाणी होतं तेच शेजारच्या म्हातारीला खांद्यावर घेऊन बाहेर काढत होते. आधी माझं घर वाळू दे मग बघतो, असं कुणी म्हणलं नाही. आणि ग्रुपवर त्या आठवड्यात 'कसे आहात' असलं कुणी विचारत नव्हतं, पाणी किती फुटावर आलंय, तुमच्या कितव्या पायरीला लागलंय, हेच चाललेलं. नेमकं विचारलं की उत्तर पण नेमकं येतं.

तेव्हापासनं मी आणि माझी कोल्हापूरची धाकटी बहीण एकमेकींना असंच विचारतो. आज पाणी किती? ती लिहिते ३८. मग मला कळतं, दुपारी फोन करायचा. एकदा नुसतं '४४' आलं, मी गॅस बंद केला, पर्स घेतली आणि एसटी पकडली. तिला काय झालंय ते सांगायला तिला दोन दिवस लागले, पण आकडा एका सेकंदात टाकता आला. तुमच्या दोघींचं असं काहीतरी ठरवा. परभणीच्या पोरीला कृष्णेचे फूट समजावून सांग, सांगताना चार गप्पा होतील ते वेगळंच. फक्त अट ही की तू पण तुझा खरा आकडा टाकायचास, हसरा फोटो नाही.

खरं वागायचं म्हणजे सगळं चव्हाट्यावर मांडायचं असं नाही गं. हजार फॉलोअर्सना तुझी मुख्य परीक्षा राहिली ते कळायची गरज नाही, पण एका माणसाला कळायची आहे. मला वाटतं बाबांना सांग. यार्डातनं घरी आले की हातपाय धुवेपर्यंत अंगाला हळदीचा वास असतो बघ, चहा घेऊन शेजारी बस आणि म्हण, पाहुणे आले की मला आत जावंसं वाटतं. ते काही उत्तर देतील न देतील, पण त्यांना दिसत असणारच, फक्त विषय कसा काढायचा हे त्यांनाही कळत नसेल.

आणि रात्री अकराला फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लाव. रात्र तुझ्या पहाऱ्यावर काढायची नाही, तिच्या घरातल्या माणसाला सांगायचं ते त्यासाठीच. तिला पण सांगून ठेव, अकरानंतर मी नसते, १४४१६ असतं, सकाळी सहाला मी आहेच.

पत्र: ताई, मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार, वय ४६. फळछाटणीनंतर पाऊस लागून राहिला, दावण्या रोग आला, घडकूज झाली. दहावीच्या ग्रुपवर मन मोकळं केलं तर सत्तावीस जणांनी हात जोडलेला इमोजी टाकला आणि खाली लगेच कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक आला. ग्रुप सोडावा काय?

उत्तर: दादा, वाचून वाईट वाटलं. वर्षाचं पीक हातचं गेल्यावर केक बघायला लागला, राग येणारच. ग्रुप सोडायचा असेल तर खुशाल सोडा, पण आधी त्या सत्तावीसमधल्या ज्या दोघांच्या घरी तुम्ही जेवलाय त्यांना थेट फोन लावा. ग्रुपवर प्रत्येकाला वाटतं दुसरा कुणीतरी बोलेल, फोनवर तसं निसटता येत नाही. त्यांनी विचारलं नाही तरी तुम्हीच सांगा, किती एकर, कर्ज किती, रात्री झोप लागती का. झोप लागत नसेल तर वरचा १४४१६ तुमच्यासाठी पण आहे, वहिनींना शेजारी बसवून करा. आणि मला पण पत्रानं कळवा, औंदा किती झाडावर घड राहिलेत, मी वाट बघते.