साध्या डीएसएलआरवर धूमकेतूचा फोटो निघतो का, की ट्रॅकर घ्यावाच लागतो?

निघतो. ट्रॅकरचे, म्हणजे ताऱ्यांच्या चालीबरोबर कॅमेरा हळूहळू फिरवणाऱ्या यंत्राचे, पैसे तूर्त राहू द्या.

तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे क्रॉप सेन्सरचा (म्हणजे फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरचा) जुना डीएसएलआर, १८-५५ची किट लेन्स आणि एक ट्रायपॉड आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये त्सुचिनशान-अ‍ॅटलास हा धूमकेतू आला तेव्हा माझ्याकडेही एवढंच होतं. भर एकच, सेकंडहँड घेतलेली ५० एमएम एफ १.८ लेन्स.

पहिली संध्याकाळ मी पूर्ण वाया घालवली. शहरापासून लांब जायचं एवढंच डोक्यात होतं, म्हणून सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनच्या पुढे गेलो. पण धूमकेतू पश्चिमेला, आणि तिथून पश्चिमेला काय, तर अख्खं पुणं! क्षितिजावर नारिंगी उजेडाचा फुगा. त्यात फोकसची रिंग अनंताच्या खुणेवर ठेवून निवांत बसलो. घरी येऊन बघतो तर शुक्र जिलेबीएवढा.

दुसऱ्या दिवशी पाबे घाटाच्या माथ्यावर गेलो. शहर पाठीशी, समोर डोंगररांगा. त्या दिवसांत धूमकेतू शुक्र आणि स्वातीचा तारा यांच्या मधोमध, जरासा वर होता, त्यामुळे शोधायला अ‍ॅपसुद्धा लागलं नाही. सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळला आणि पावणेसातला शेपटी दिसायला लागली. साडेसातनंतर ती धुरकटात उतरली. म्हणजे हातात जेमतेम पाऊण तास.

ट्रॅकर नको म्हणतो ते या पाऊण तासामुळे. तो नीट चालायला त्याचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १८-१९ अंशांवर, बऱ्याचदा डोंगराआड, आणि संधिप्रकाशात तो लवकर दिसतही नाही. तो सापडून जुळवाजुळव होईपर्यंत धूमकेतू खाली गेलेला असतो.

ट्रॅकरशिवाय ताऱ्यांच्या रेघोट्या न होता शटर किती वेळ उघडं ठेवता येईल, याचा ढोबळ हिशेब सोपा आहे: फोकल लेंग्थला (लेन्सवरचा एमएमचा आकडा) क्रॉपच्या पटीने गुणा आणि ५००ला त्या गुणाकाराने भागा. ५० एमएमला, १.५ क्रॉप धरून, साडेसहा सेकंद येतात. मी चारच ठेवले, कारण साडेसहाला झूम करून बघितलं तर तारे लांबट दिसत होते. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ २.२, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६००, रॉ (कॅमेऱ्याने न दाबलेली मूळ) फाइल. पण हे आकडे सातनंतरचे. त्याआधी आकाश इतकं उजळ असतं की आयएसओ ४०० आणि एक सेकंदापासून सुरुवात करावी आणि दर पाच मिनिटांनी वाढवत न्यावं. किट लेन्स असेल तर एफ ५.६ आणि आयएसओ ३२००. फोटोत दाणे येतील, येऊ द्या.

फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर) शुक्रावर, दहापट मोठा करून, हाताने. तो बारीकातला बारीक ठिपका झाला की रिंगला चिकटपट्टी लावा. लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद. शटर दोन सेकंदांच्या टायमरवर, आणि ट्रायपॉडला पाण्याच्या बाटलीची पिशवी लटकवा, घाटात वारा असतो.

एकाच फ्रेमचे सलग वीसेक फोटो घ्या. सिक्वेटर नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये ते एकावर एक रचले की दाणे विरतात आणि शेपटी वर येते. दीड-दोन मिनिटांत धूमकेतू ताऱ्यांमधून फारसा हलत नाही, त्यामुळे वेगळी खटपट लागत नाही.

चंद्राची तारीखही बघून ठेवा. तेव्हा नेमकी १६ तारखेला कोजागिरी आली. दूध आटवायला उत्तम, शेपटीला वाईट. २० तारखेनंतर चंद्र उशिरा उगवायला लागला तेव्हा अंधार मिळाला, पण धूमकेतू एव्हाना मंदावला होता. मला जमलेले फोटो सगळे १४ आणि १५चे.

पुढच्या धूमकेतूच्या तेजाची भाकितं वाचून आत्तापासून खरेदी मात्र करू नका. त्याच ऑक्टोबरात दुसऱ्या एका अ‍ॅटलास धूमकेतूचा गाजावाजा होता. तो २८ तारखेला सूर्याजवळ गेला आणि विखरून संपला. मी त्याच्यासाठी पहाटेचे तीन गजर लावून ठेवले होते.