सात हजारांचा भत्ता आणि पंधरा वर्षांचा हप्ता

प्रश्न : माझी मुलगी १४ महिन्यांची आहे. ऑफिसनं दोन पर्याय दिले आहेत. एक तर ऑफिसच्याच इमारतीतलं पाळणाघर फुकट, नाहीतर बाहेरच्या पाळणाघराचं बिल दाखवायचं आणि महिन्याला ७,००० रुपये घ्यायचे. दोन्ही मूल सहा वर्षांचं होईपर्यंत. घराजवळ तसंच पाळणाघर ११,००० घेतं. सध्या मुलीला सासूबाई सांभाळतात, म्हणून पैसेच घ्यावेत असं वाटतं. ओळखीच्या पाळणाघरवाल्या बाई बिल द्यायला तयार आहेत. त्या पैशांतून मुलीच्या नावानं चाइल्ड प्लॅन घेतलासुद्धा : वर्षाला ८४,०००, पंधरा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी २६ लाख. मिस्टरांच्या मित्रानं करून दिला. टॅक्सही वाचेल. पॉलिसी घरी येऊन १९ दिवस झाले. माझ्या हातात ६८,००० येतात, मिस्टरांच्या ५२,०००. त्यांचा ५० लाखांचा टर्म प्लॅन (मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) आहे, माझा ऑफिसचा ग्रुप विमा आहे. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन तूर्त पुढे ढकललं आहे. पाळणाघर घ्यावं की पैसे?

उत्तर : हे उत्तर तुम्हाला मेलनं आधीच पाठवलं आहे, कारण तुमच्याकडे ११ दिवसच उरलेत. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. जितके दिवस विमा चालू होता तेवढ्याचा खर्च, मेडिकल झाली असेल तर ती आणि स्टॅम्प ड्युटी कापून बाकी पैसे परत मिळतात. पाळणाघराचा निर्णय पुढच्या महिन्यात घेतलात तरी चालेल, हा नाही.

८४,००० भागिले १२ किती? बरोबर ७,०००. मित्रानं तुमची गरज मोजली नाही, भत्ता मोजला. ‘पैसे ऑफिसचे, तुमच्या खिशाला चाट नाही’ असं म्हणाला असणारच. आता पुढचा हिशोब करू. मुलगी सहा वर्षांची व्हायला ५८ महिने आहेत, म्हणजे ऑफिसकडून फार तर चार लाख येतील. हप्ते भरायचे आहेत १२ लाख ६० हजारांचे. वरचे साडेआठ लाख तुमच्याच खिशातून जाणार, आणि तेही तुम्ही ही नोकरी पाच वर्षं सोडली नाहीत तर. उद्या चांगली ऑफर आली किंवा नवीन एचआरनं धोरण बदललं, की भत्ता थांबेल. हप्ता थांबणार नाही. मध्येच बंद केलात तर सुरुवातीच्या वर्षांत भरल्यापेक्षा कमीच हातात पडेल.

एवढं करून मिळतं काय? २६ लाख ऐकायला मोठे वाटतात, पण परतावा निघतो साडेपाच टक्क्यांच्या आसपास. मुलगी आहे ना? मग सुकन्या समृद्धीचं, म्हणजे मुलींसाठीच्या सरकारी बचत योजनेचं, खातं काढा, पोस्टात किंवा बँकेत. तिथंही पंधरा वर्षंच भरायचं. सध्याचा दर ८.२ टक्के. तो दर तिमाहीला बदलू शकतो, पण असाच राहिला तर याच ८४,०००चे एकविसाव्या वर्षी ४० लाखांच्या घरात होतात. एक वर्ष जास्त थांबायचं, चौदा लाख जास्त. आणि तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे भत्ता थांबला त्या वर्षी २५० रुपये भरलेत तरी खातं चालू राहतं. कुठली पॉलिसी असं करू देते?

‘टॅक्सही वाचेल’ हे वाक्य मला फार आवडलं. या पगारावर नवीन करपद्धतीत तुम्हाला टॅक्स लागतच नाही, भत्ता धरूनही नाही. विमा, सुकन्या अशा गुंतवणुकीवर मिळणारी ८०सीची सूटही त्या पद्धतीत नसते. मग वाचवणार काय?

त्याहून वाईट म्हणजे तुम्ही पाठवलेल्या पॉलिसीच्या पहिल्या पानावर विमा मुलीच्या जिवावर आहे आणि हप्तेमाफीचा रायडर, म्हणजे पालक गेल्यास पुढचे हप्ते माफ करणारी जोड, घेतलेला नाही. म्हणजे तुमचं काही बरंवाईट झालं तर एक पैसा येणार नाही, उलट हप्ते मिस्टरांनी भरायचे, ५२ हजारांतून. घरात जास्त कमावणाऱ्या तुम्ही, आणि विमा चौदा महिन्यांच्या बाळाचा! ऑफिसचा ग्रुप विमा नोकरीबरोबर जातो, तो धरू नका. स्वतःचा एक कोटीचा टर्म प्लॅन घ्या. तुम्ही तिशीत आहात आणि धूम्रपान करत नाही असं धरलं, तर वर्षाला दहा-बारा हजारांत बसावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही.

आता बिलाबद्दल. पत्रात ते तुम्ही इतक्या सहज लिहिलंय की मी दोनदा वाचलं. मुलगी घरी आणि बिल पाळणाघराचं, याला साध्या मराठीत खोटं बिल म्हणतात. ‘सगळेच करतात’ म्हणाल. पण ऑफिसनं एकदा त्या पाळणाघरात फोन केला तर? महिन्याच्या सात हजारांसाठी ६८ हजारांची नोकरी पणाला लावताय. शिवाय अशी नोकरी गेली की पुढच्या ठिकाणी जुन्या ऑफिसला विचारणा होते तेव्हा तेच निघतं. एक बिल दिलं असेल तर तिथंच थांबा.

सासूबाईंचं सांभाळणंही फुकट नाही, त्यांचं ऑपरेशन पुढे ढकललंय असं तुम्हीच लिहिलंय. अंगावर चढणारं मूल दिवसभर उचलायचं, तेही दुखऱ्या गुडघ्यांवर. ऑपरेशन झाल्यावर काही महिने त्यांना मूल उचलता येणार नाही. तेव्हा घाईघाईत पाळणाघर शोधणार का?

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर : ऑफिसचं पाळणाघर. बाहेर ११,००० पडतात ती सोय मिळत असताना ७,००० कशाला घ्यायचे? आणि ऑफिसनं उपकार केलेत असंही समजू नका. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणं २०१७च्या दुरुस्तीपासून कायद्यानं बंधनकारक आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. पर्याय मध्येच बदलता येतो का, नोटीस पिरियडमध्ये सोय चालू राहते का, हे एचआरकडून लेखी घ्या. बाहेरचंच पाळणाघर हवं असेल तर मुलीला खरोखर तिथं पाठवा, खरं बिल लावा, वरचे ४,००० स्वतः घाला. तेही चालेल. सुरुवातीला अर्धा दिवस पाळणाघर आणि अर्धा दिवस आजी, असं केलंत तर दोघींना सवय होईल.

मित्राला आधी फोन करू नका. पॉलिसी परत गेली की त्याचं कमिशनही परत जातं, त्यामुळे तो ‘एक वर्ष तरी भर, मग बघू’ म्हणेल, सरेंडर चार्जची, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडली की कापल्या जाणाऱ्या पैशांची, भीती घालेल. फ्री लूकमध्ये सरेंडर चार्ज नसतो. अर्ज, मूळ पॉलिसी आणि कॅन्सल केलेला चेक घेऊन विमा कंपनीच्या शाखेत स्वतः जा आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.