उड्डाणाचा शब्द

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. वैमानिकाचा परवाना हातात पडून तुला जेमतेम काही आठवडे झाले आहेत, पुण्याची मैत्रीण येत्या शनिवारी तुझ्याकडे येते आहे, तिला छोट्या विमानातून कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोहून माँटेरेवरून पुढे बिक्स्बी पुलापर्यंत समुद्रकिनाऱ्याने फिरवून आणायचे तू कबूल केले आहेस आणि आता हवामानाचा अंदाज पाहून तुझी झोप उडाली आहे. सकाळी १० वाजता किनाऱ्यावरच्या हाफ मून बेवर ढगांचा तळ किती उंचीवर असला म्हणजे निघावे, असे तू मला विचारतेस. तो आकडा तुझ्या प्रशिक्षकाने तुला शिकवला आहे आणि तो तुला माझ्यापेक्षा चांगला पाठ असणार. आकड्याने तुझी झोप उडालेली नाही. तू शब्द देऊन बसली आहेस, खरी अडचण तिथे आहे.

छोट्या विमानात ज्याला शेजारी बसवायचे, त्याला उड्डाणाचा शब्द कधीही द्यायचा नाही. आमंत्रण दिवसाचे द्यावे. ‘शनिवार आपण एकत्र घालवू, हवा चांगली असली तर विमानाने, नसली तर गाडीने किनाऱ्याच्या हायवे १ वरून’, एवढेच बोलावे आणि ते हसत हसत, विमानाची चावी हातात येण्याच्या बऱ्याच आधी बोलावे.

आपल्या किनाऱ्यावर तर हे दुप्पट लागू आहे. उन्हाळ्यात वायव्येच्या वाऱ्यामुळे समुद्राच्या तळाकडचे थंड पाणी वर येते, त्यावरची दमट हवा गारठते, तिच्यावर कोरडी उष्ण हवा झाकणासारखी बसते आणि रात्रीतून ढगांचा तो चपटा थर तयार होतो, ज्याला इथे सगळे मरीन लेअर म्हणतात. पालो आल्टोच्या पश्चिमेची स्कायलाइन डोंगररांग त्याला पुष्कळदा अडवते. त्यामुळे सकाळी पालो आल्टोच्या धावपट्टीवर लख्ख ऊन असते, तुझी मैत्रीण गॉगल लावून उभी असते आणि तेवढ्यात तू तिला सांगतेस की जाता येणार नाही. तिने मान वर केली की निळे आभाळ दिसते. पश्चिमेच्या कड्यावरून कापसासारखा ओघळणारा ढग तिच्या लेखी फोटो काढण्याजोगा देखावा असतो. त्याच वेळी हाफ मून बेचा हवामान अहवाल ४०० फुटांवर पूर्ण ढगाळ असे सांगत असतो. हे तुला तिथे, इंजिन सुरू करण्याच्या घाईत, समजावून सांगावे लागले, तर तू निम्मी हरलीसच.

माझा सांगलीचा शाळासोबती असाच आला होता. मी त्याला शब्द दिला होता आणि सकाळी नाही म्हणालो. तो चिडला नाही, फक्त म्हणाला, ‘तुला भीती वाटते असे आधीच सांगायचे होतेस.’ दुपारी थर विरला, दुसऱ्यांची विमाने किनाऱ्यावरून हसतखेळत परत आली आणि तो कुंपणाशी उभा राहून ती उतरताना पाहत होता. पुढे आमचे फोन कमी झाले, मग थांबले. त्याचे वाईट मला आजही वाटते. पण दहाचा निर्णय दहाला हाती असलेल्या माहितीवर घ्यायचा असतो आणि चारच्या उन्हाला त्याचा न्याय करण्याचा अधिकार नाही. मी हे इतक्या ठासून का सांगतो आहे, ते तुझ्या लक्षात आले असेल. पण ठासून सांगितल्याने ते खोटे ठरत नाही.

अध्यक्ष केनेडींचे चिरंजीव जॉन केनेडी ज्युनियर स्वतः चालवत असलेल्या विमानाचा अपघात तू अभ्यासात वाचला असशील. १६ जुलै १९९९, शुक्रवारची संध्याकाळ. मेहुणीला मार्थाज व्हिनयार्डला सोडायचे, तिथून बरोबरच्या पत्नीसह घरच्या लग्नासाठी हायॅनिसला जायचे. निघायला सूर्यास्त उलटून गेला, हवा धूसर होती, खाली काळे पाणी होते आणि केवळ उपकरणांवर विमान चालवण्याचा परवाना त्यांच्यापाशी नव्हता. दिशाभ्रमामुळे विमानावरचा ताबा सुटला, असा निष्कर्ष राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने काढला. अहवाल दिलेल्या शब्दांविषयी काही म्हणत नाही, ते त्याचे कामही नव्हे. मी मात्र तो बेत वाचतो, तेव्हा मला त्यात आधी कबूल करून ठेवलेल्या दोन वेळा दिसतात. एफएए, म्हणजे अमेरिकेची हवाई वाहतूक नियामक संस्था, वैमानिकांना धोक्यांचे चार गट शिकवते आणि त्यात बाह्य दबाव शेवटी घालते. माझ्या हाती असते, तर तो मी पहिला घातला असता.

आता पैशांचे. नियमाप्रमाणे इंधन, तेल, विमानतळाचा खर्च आणि विमानाचे भाडे यांतला आपला वाटा तू स्वतः भरलास, तर तिचा वाटा तिच्याकडून घेता येतो. घेऊ नकोस. ज्याने निम्मे भाडे दिले, त्याला तू न बोलताही शब्द दिलेला असतो.

तिला फोटोंसाठी ‘जरा खालून’ नेण्याचेही कबूल करू नकोस. माँटेरे बेच्या सागरी अभयारण्यात ठरावीक पट्ट्यांवर १००० फुटांखाली उडण्यास मनाई आहे, पण माझा मुद्दा त्याहून साधा आहे. तुझे सेसना १७२ इंजिन बंद पडल्यावर हजार फुटांमागे सुमारे दीड सागरी मैल तरंगत जाते आणि बिक्स्बी पुलाजवळच्या बिग सर किनाऱ्याच्या कड्यांखाली उतरण्याजोगी वाळू फार थोडी आहे. तुझी उंची हाच तिथे तुझा वेळ, तो कोणाच्या कॅमेऱ्याला देऊन टाकायचा नाही.

आणि परतीचा शब्द तर मुळीच नको. माँटेरेत जेवायला उतरलात आणि संध्याकाळी थर पुन्हा आत सरकला, तर रात्र तिथे काढावी लागेल. म्हणून दोघींनी दात घासायचा ब्रश बरोबर घ्यावा. रविवारी रात्री तिचे मुंबईचे विमान आहे असे तू लिहितेस, तेव्हा रविवारचा विचार डोक्यातून काढून टाक. शनिवारी नाही जमले तर नाही.

तू म्हणशील, काका, तिला वाईट वाटेल. वाटू दे! वाईट वाटायचे असेल तर ते आज, फोनवर, शनिवारच्या आधी वाटू दे. तिला सांग की मी चुकून शब्द दिला होता, तो मागे घेते आहे, दिवस मात्र तुझा आहे. तिलाही सांग की धावपट्टीवर पोहोचल्यावरसुद्धा तिला नको वाटले, तर एक शब्द बोलणे पुरे, कारण विचारले जाणार नाही. मग भाड्याच्या विमानाचे सकाळी १० चे आरक्षण सोडून दुपारी १ चे मिळते का पाहा. त्या वेळेपर्यंत पुष्कळदा किनारा मोकळा होतो, काही दिवशी होतच नाही. गाडीत पेट्रोल भरून ठेव. मला उत्तर लिहिण्याची घाई नाही, आधी तिला फोन कर.

तुझा,
काका